दोन वाजताचा रकाना

"तो कागद दे इकडे," उजागरे सिस्टर म्हणाल्या.

मला द्यायचा होता, पण बोटं सुटेनात. त्यांनी माझं एकेक बोट बाजूला केलं, कागद काढून घेतला आणि उलटा करून छातीशी धरला. आमच्या मधे खाटेवर द्वारका होती. वीस वर्षांची. तिच्या तोंडावरून चादर मीच दोन मिनिटांपूर्वी ओढली होती. तिची आई गयाबाई खाटेचा पाय धरून फरशीवर बसली होती आणि रडतही नव्हती. भिंतीवरच्या घड्याळात एकला दहा मिनिटं कमी होती.

त्या कागदावर माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं की दोन वाजता द्वारकाचं ब्लडप्रेशर एकशे दहा-सत्तर आहे, नाडी शहाऐंशी, ताप नाही.

सिस्टरांनी मला काहीच विचारलं नाही. "हात धुऊन ये," म्हणाल्या. "साबणाने. मग दारापासून सुरुवात कर आणि एकेकीचं बीपी घे. मशीन लावून. डावी रांग तुझी, उजवी माझी."

"सिस्टर, तो कागद..."

"कागद माझ्याकडे आहे."

तेच तर मला नको होतं.

ही सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मराठवाड्यातल्या एका सिव्हिल हॉस्पिटलात, बायकांच्या मेडिकल वॉर्डात, मी स्टाफ नर्स म्हणून लागून सात महिने झाले होते. नेमणूक तात्पुरती होती. जूनमध्ये कायमची ऑर्डर निघायची होती आणि तोवर सर्व्हिस बुकावर एक शिंतोडा उडाला तरी नाव कटलं असतं. आमच्या गावातून नोकरीला लागलेली पहिली मुलगी मी. वडिलांनी पेढे वाटताना एस. टी. स्टँडवरचा हमालसुद्धा सोडला नव्हता. त्यामुळे नोकरी जाणं म्हणजे नुसती नोकरी जाणं नव्हतं, गावात तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

एप्रिल होता. जवळच्या एका गावात लग्नातल्या टाकीचं पाणी बाधलं आणि दोन दिवसांत आमच्या तीस खाटांच्या वॉर्डात एकसष्ट बायका आल्या. जुलाब, उलट्या, पाय वळलेले, डोळे खोल गेलेले. एका खाटेवर दोघी, उरलेल्या फरशीवर. सकाळच्या पाळीला त्या एकसष्ट जणींना नर्स मी एकटी, आणि वॉर्डाच्या इन्चार्ज म्हणून उजागरे सिस्टर. त्या नगरकडच्या, ख्रिश्चन, पन्नाशीच्या, बांध्याने आडव्या. बोलणं असं की वॉर्डबॉयच काय, डॉक्टरसुद्धा त्यांच्यासमोर शर्टाची बटणं लावायचे. त्या दिवशी सकाळपासून त्या स्टोअरच्या दारात सलाइनसाठी भांडत होत्या. भांडून बाटल्या आणायच्या, ठेवायच्या, परत भांडायला जायच्या.

आता त्या कागदाबद्दल सांगितलं पाहिजे.

प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी ताप, नाडी, बीपी लिहायचा एक छापील तक्ता असायचा. आठ, दहा, बारा, दोन असे रकाने. प्रत्येक रकान्यात टिंब द्यायचं आणि टिंबं रेघेने जोडायची. एका नर्सने साठ बायकांचं बीपी दर दोन तासांनी घ्यायचं म्हटलं तर तिला चार हात आणि देवाचं घड्याळ लागेल. पण रकाना रिकामा दिसला की मेट्रन ऑफिसातून मेमो यायचा. मला पहिल्याच महिन्यात आला होता. खोटा आकडा लिहिला म्हणून मेमो आलेला मात्र मी कुणाचा ऐकला नव्हता. तेव्हा मला पुष्पा चाटे नावाच्या सीनियर नर्सने जवळ बसवून शिकवलं: सकाळी आठचं खरं घ्यायचं आणि मग एका बैठकीत दहा, बारा, दोनचे आकडे थोडे इकडेतिकडे करून भरून टाकायचे. सगळे सारखे लिहायचे नाहीत, कुणाला तरी संशय येतो. एखादीला निन्याण्णव ताप द्यायचा. याला आमच्याकडे रांगोळी काढणं म्हणत. "झाली का गं रांगोळी?" असं विचारायचं आणि मग कामाला लागायचं. सुया, सलाइन, औषधं, बेडपॅन ही खरी कामं. रांगोळी वरच्यांसाठी. साडेआठला इन्चार्ज येऊन प्रत्येक तक्त्यावर खाली सही करायच्या.

माझी रांगोळी फार सुरेख यायची. हे मी आज लाजून सांगते, पण तेव्हा मला त्याचा अभिमान होता.

त्या सकाळीही आठचं बीपी मी, रात्रपाळीच्या नर्सला हाताशी घेऊन, सगळ्यांचं खरं घेतलं. द्वारकाचं शंभर-साठ होतं. बाकीचे रकाने भरले. साडेअकराच्या सुमाराला गयाबाई माझ्याजवळ आली. मी दाराशी एका म्हातारीच्या हाताची शीर शोधत होते, तिची शीर बुडाली होती आणि सुई तीनदा चुकली होती. गयाबाई म्हणाली, "बाई, पोरीचे हात गार पडलेत वो." मी मान वर न करता म्हणाले, येते, थांबा. ती गेली. मी विसरले नाही, हे मला नीट आठवतं. तिच्यानंतर अजून दोन पेशंट स्ट्रेचरवर आल्या आणि मी त्यांच्याकडे गेले, एवढंच.

बारा-दहाला डॉक्टर बोंद्रे राउंडला आले. तेही दोन रात्री झोपले नव्हते. राउंड म्हणजे तक्ता उचलायचा, बघायचा, ठेवायचा. द्वारकाची बाटली संपत आली होती. त्यांनी तिचा तक्ता उचलला. दोनचाही रकाना भरलेला होता, पण त्यांची नजर बाराच्याच रकान्यावर गेली: एकशे आठ-सत्तर. त्यांनी वॉर्डबॉयला सांगितलं, ही बरी आहे, हिची पुढची बाटली शेजारच्या खाटेला लावा.

मी दहा पावलांवर होते. मी पाहिलं. "सर, ते आधीच लिहिलंय," एवढे तीन-चार शब्द होते. ते बोलले असते तर रांगोळी उघडी पडली असती, सगळ्या वॉर्डासमोर, सात महिन्यांच्या नोकरीत. मी बोलले नाही. मनात म्हटलं, हे हातातलं झालं की मीच जाऊन बघते.

पाऊण वाजता गयाबाई ओरडली.

डॉक्टर बोंद्रे तासाभराने ड्यूटी रूममध्ये आले आणि दार लावून घेतलं. चेहरा पांढरा पडलेला. ते काही वाईट माणूस नव्हते. ते दोनदा पाणी प्यायले, मग म्हणाले, की सिस्टर, तक्ता नवीन करून टाका. बाराला बीपी सत्तर, साडेबाराला लागत नाही, सलाइन चालूच होतं, असं. जुना फाडून टाका. मी तशी नोट लिहितो. माझ्या जिवात जीव आला. हा माणूस मला वाचवतोय असं वाटलं. तो स्वतःला वाचवत होता आणि त्यात मी आपोआप वाचत होते, हे कळायचं माझं वय नव्हतं.

उजागरे सिस्टर टेबलाशी बसून रजिस्टर लिहीत होत्या. त्या म्हणाल्या, "तक्ता बदलणार नाही, सर."

"अहो सिस्टर, पोरीची नोकरी जाईल."

"पोरीचं मी बघते. तक्ता कपाटात आहे आणि किल्ली माझ्याकडे आहे."

डॉक्टर माझ्याकडे बघून हात पसरून निघून गेले. मी सिस्टरांच्या पाया पडायची बाकी राहिले. त्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाल्या की चार वाजता पाळी संपली की घरी जा, जेव, आणि उद्या सकाळी साडेसातला ये. मी म्हणाले मला रजा द्या, मला वॉर्डात उभं राहवणार नाही. त्या नाही म्हणाल्या. मेट्रन बाईंनीसुद्धा मला घरी पाठवा म्हणून निरोप धाडला होता, तोही त्यांनी परतवला. मला वाटलं, ही बाई मला लोकांसमोर रोज उभी करून सोलणार आहे.

संध्याकाळच्या पाळीच्या मुली आल्यावर सिस्टरांनी सगळ्यांना टेबलाशी गोळा केलं. कुणाचं नाव घेतलं नाही. म्हणाल्या, "आजपासून जे घेतलं तेच लिहायचं. जे घेतलं नाही तो रकाना रिकामा सोडायचा. रिकाम्या रकान्याचा मेमो आला तर तो माझ्या नावाने यावा, असं मी मेट्रन ऑफिसला लिहून देते." पुष्पा चाटेने मला कोपराने ढोसलं. डोळ्यांनीच म्हणाली, बघ, आता साव बनतेय.

त्यानंतर मी जे पाहिलं त्याने माझी उरलीसुरली झोप उडाली. द्वारकाला न्यायला जीप यायची होती, तिला वेळ होता. उजागरे सिस्टर व्हरांड्यात गयाबाईजवळ भिंतीला टेकून फरशीवर बसल्या. तासभर बसल्या. त्यांचा पांढरा गणवेश, तो परीटघडीचा, त्याची पर्वा न करता. गयाबाई खाली मान घालून काहीतरी सांगत होती आणि सिस्टर ऐकत होत्या. मधेच त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. चोराच्या मनात चांदणं. मी ओळखलं की गयाबाई साडेअकराचं सांगतेय, बाई आल्या नाहीत म्हणून, आणि सिस्टर माझ्याविरुद्ध साक्षीदार पक्का करताहेत.

तो मंगळवार होता; चौकशी शनिवारी ठरली. मधे तीन दिवस होते. त्या तीन दिवसांत सिस्टर सतत माझ्या बरोबर असायच्या. मी ज्या रांगेत, त्याच्या समोरच्या रांगेत त्या. इन्चार्जने बेडपॅन उचलल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं. दुपारी डब्यातली अर्धी भाकरी मोडून माझ्यापुढे ठेवायच्या आणि मी खाईपर्यंत उठायच्या नाहीत. तोंडाने गोड शब्द नाही. एकदा मला बीपीचा ठोका ऐकू येत नव्हता. त्यांनी स्टेथोस्कोपचं एक टोक आपल्या कानाला लावलं, एक माझ्या, आणि "हां, इथे" एवढंच म्हणाल्या. बळी द्यायच्या बोकडालाही आधी खायला घालतात, असं मी त्या रात्री पुष्पाला म्हणाले.

शुक्रवारी डॉक्टर बोंद्रेंनी मला बोलावून घेतलं. तक्ता काही आता मिळत नाही, म्हणाले, तेव्हा दुसरा मार्ग बघायला हवा. तुम्ही ज्युनिअर आहात, तात्पुरत्या आहात, तुम्ही स्वतःहून असं कशाला कराल? इन्चार्जच्या सांगण्यावरून आगाऊ भरता, असं लिहून द्या. त्यांनी मजकूर सांगितला, मी लिहिला. "आमच्या वॉर्डात तक्ते आगाऊ भरण्याची पद्धत परिसेविका श्रीमती उजागरे यांच्या सूचनेवरून चालते." खाली माझी सही. सिस्टरांनी मला असं कधीही सांगितलं नव्हतं. शिकवलं ते पुष्पाने. पण पुष्पाचं नाव घातलं तर काही उपयोग नव्हता, ती माझ्याइतकीच लहान मासोळी. लिहिताना मला वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं. म्हटलं, तू मला धरलंस, आता मी तुला धरते.

त्याच दुपारी सिस्टरांनी माझ्यासमोर अर्धी भाकरी ठेवली आणि मी ती खाल्ली.

शनिवारी अकरा वाजता सिव्हिल सर्जनच्या खोलीत आम्ही उभ्या होतो. आत ते, मेट्रन बाई, एक क्लार्क आणि डॉक्टर बोंद्रे. सिस्टरांच्या हातात द्वारकाचा तक्ता होता आणि दुसऱ्या हातात दोरीने बांधलेला जाडजूड गठ्ठा.

साहेबांनी माझा कागद मोठ्याने वाचला. शब्दन् शब्द. माझी पाचावर धारण बसली. सिस्टरांकडे बघायचा धीर झाला नाही, म्हणून मी टेबलावरच्या काचेखाली ठेवलेल्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

"हे खरं आहे का?" साहेबांनी विचारलं.

सिस्टर टेबलाजवळ आल्या. "मी तोंडाने कधी सांगितलं नाही, साहेब. पण रोज साडेआठला मी या तक्त्यांवर सही करते, तेव्हा दोनचा रकाना भरलेला असतो. तो मला दिसतो. दिसत असून सही करते, म्हणजे सांगतेच की."

मग त्यांनी गठ्ठा सोडला. त्या दिवशीचे एकसष्टच्या एकसष्ट तक्ते. पहिला टेबलावर ठेवला, दुसरा ठेवला. प्रत्येकावर दोनचा आकडा आणि खाली त्यांची सही, तारीख, वेळ आठ-तीस. म्हणाल्या, हे एका दिवसाचे. रेकॉर्ड रूममध्ये अकरा वर्षांचे आहेत, माझ्याच सहीचे, हवे तर मागवा. या तिडके नर्सने त्या दिवशी चूक केली ती एका बाईच्या बाबतीत महागात पडली. माझी अकरा वर्षं कुणाला महागात पडली नाहीत असं मी शपथेवर सांगू शकत नाही.

मेट्रन बाई घाईने म्हणाल्या, की उजागरे, तुम्ही विचारल्यापेक्षा जास्त बोलताय. पुढच्या महिन्यात तुमचं असिस्टंट मेट्रनचं आहे, याचं तरी भान ठेवा. सिस्टर म्हणाल्या, "भान आहे म्हणूनच गठ्ठा आणलाय."

साहेबांनी मला विचारलं, तुम्हाला काही म्हणायचंय? मी म्हणाले की माझा कागद खोटा आहे. सिस्टरांनी मला कधी असं सांगितलं नव्हतं. आणि डॉक्टरांनी तक्ता उचलला तेव्हा मी दहा पावलांवर होते, मला दिसलं होतं, मी बोलले नाही. हे मी तोवर कुणालाही सांगितलं नव्हतं. डॉक्टर बोंद्रेंनी खिडकीकडे तोंड केलं. सांगताना मी रडले नाही. रडले असते तर बरं झालं असतं.

पुढे काय झालं ते आत्ताच सांगून टाकते, कारण माझ्या गोष्टीचा शेवट तो नाही. मला लेखी ताकीद मिळाली आणि ऑर्डर जूनऐवजी डिसेंबरात निघाली. ही पोरगी मला वॉर्डात हवी, तिला काढलंत तर मी उरलेल्यांना खरं लिहायला कुठल्या तोंडाने सांगू, असं सिस्टरांनी साहेबांना लेखी दिलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. त्यांचं असिस्टंट मेट्रनपद गेलं ते कायमचं. दोन पगारवाढी बंद झाल्या आणि वर्षाच्या आत दूरच्या तालुक्याला बदली. डॉक्टर बोंद्रेंना काही झालं नाही. वॉर्डात दुसरी नर्स मिळाली ती दोन वर्षांनी.

पण त्या शनिवारी आम्ही खोलीतून बाहेर आलो, तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. मी व्हरांड्यात सिस्टरांसमोर हात जोडले. कागदाबद्दल माफी मागायची होती. त्यांनी माझे हात खाली केले.

"ते राहू दे. अजून एक काम राहिलंय. द्वारकाची आई आलीय, दाखला न्यायला. तिला सांगायचंय."

"काय सांगायचं?"

"आत सांगितलंस ते."

आत बोलणं वेगळं. तिथे टेबल होतं, कॅलेंडर होतं. मी म्हणाले, सिस्टर, साहेबांनी ताकीद देऊन संपवलंय ना, मग त्या माउलीला कशाला? तिचं दुःख दुप्पट होईल. ती मला शिव्या देईल, तिची माणसं अंगावर येतील. खरं म्हणजे मला म्हणायचं होतं, मी आत्ताच वाचलेय, मला परत का मारता?

सिस्टर म्हणाल्या, "अंगावर आली तर आधी माझ्या येतील. मी पुढे उभी राहते. पण सांगायचं तू."

"तुम्हीच सांगा ना."

"माझ्याने सांगून झालं असतं तर मंगळवारीच सांगितलं असतं. तेव्हा माझ्या हातात कागद होता, पण तिथे कोण गेलं आणि कोण नाही गेलं, ते एकट्या तुला माहीत होतं. तुझ्या तोंडून निघायची मी वाट बघत होते."

रेकॉर्ड रूमच्या बाहेर लिंबाच्या पारावर गयाबाई बसली होती. चार दिवसांत ती निम्मी झाली होती. तिच्यापासून थोड्या अंतरावर जीपला टेकून तीन-चार पुरुष उभे होते. त्यातला फेटेवाला द्वारकाचा सासरा. तो तिच्याशी बोलत नव्हता आणि तिच्याकडे बघतही नव्हता. सिस्टर मधल्या जागेत जाऊन उभ्या राहिल्या, त्यांच्या आणि आमच्या मधोमध.

मी गयाबाईसमोर उकिडवी बसले. तिने मला ओळखलं. हात जोडू लागली, तसा मी तिचा हात धरला. तो कोरडा, खरबरीत होता. मी कसं सांगितलं ते मला आता शब्दशः आठवत नाही. एवढं आठवतं की मी "आम्ही" म्हणाले नाही, "मी" म्हणाले. मी सकाळीच तो कागद भरून ठेवला होता. दहाला मी आले नाही, बाराला आले नाही. तुम्ही बोलवायला आलात तरी आले नाही. कागदावर लिहिलेलं सगळं खोटं होतं आणि त्या खोट्यावर विसंबून डॉक्टरांनी तिची बाटली दुसरीला दिली.

मी मान खाली घातली आणि थोबाडीत बसायची वाट पाहिली.

मग गयाबाई म्हणाली, "बाराला कुनीबी आलं न्हवतं?"

"नाही."

"तुमी बी न्हाई?"

"मी नाही आले. कुणीच आलं नव्हतं."

ती माझ्या तोंडाकडे बघत होती, पण मला बघत नव्हती. "दाक्तर म्हनले, बाराला शिष्टर बघून गेली, पोरगी बरी व्हती, लिवलंय. इवाही म्हनले, बारापस्तोर बरी व्हती तर मंग मेली कशी? तू उशाला बसून काय करत व्हतीस? झोपलीस व्हय?" तिने पदराचं टोक मुठीत धरलं. "म्या म्हनलं, झोपलेच आसंन. तुमी येऊन गेल्या, पट्टा बांदला, हात धरला, आन् मला ठावं न्हाई, म्हंजी डोळा लागलाच आसंन माजा. चार दिस झाले, म्या इचारून ऱ्हायले माज्या जीवाला, कवा लागला? येवढी कशी मेल्यावानी झोपले म्या, की पोरगी गेली तरी कळलं न्हाई?"

मी सिस्टरांकडे पाहिलं. त्या आमच्याकडे पाठ करून उभ्या होत्या. मंगळवारी व्हरांड्यात फरशीवर बसून तासभर त्यांनी काय ऐकलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

"तुम्ही झोपला नव्हता," मी म्हणाले. "तुम्ही मला बोलवायला आलात. तिचे हात गार पडलेत म्हणालात. तुम्हाला सगळं आधी कळलं होतं."

गयाबाईने माझ्या हातातून आपला हात काढून घेतला. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि परत कधी माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. पाराच्या कडेला हात टेकून ती उठली. पदर डोक्यावर नीट घेतला आणि सिस्टरांच्या बाजूने चालत जीपपाशी गेली. व्याही तोंड फिरवू लागला, तशी ती त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"इवाही," ती म्हणाली, "म्या जागी व्हते."